डॅश एसपुढचा शब्द

'सुरक्षित' हा शब्द कुठं दिसला की अजून माझं डोकं फिरतं. एटीएमच्या दारावर, गॅसच्या सिलिंडरवर, शाळेच्या बसवर. घरी बायकोला हे ठाऊक आहे. परवा बँकेचा मेसेज मोठ्यानं वाचताना ती "तुमचं खातं" इथपर्यंत आली आणि पुढचा शब्द गिळून गप्प बसली. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला एका शब्दाची चीड यावी आणि घरच्यांनी ती सांभाळत बसावं, याची मला लाज वाटते. पण तो शब्द मी लिहिला होता. एका ओळीत लिहिला, आणि त्यापायी एका बाईची नोकरी गेली. ती ओळ बरोबर आहे असं मी चार माणसांसमोर सांगितलं, ते त्याहून वाईट.

मी जालना रोडवरच्या एका लहान ऑफिसात काम करतो. कारखान्यांमधले कॉम्प्युटर सांभाळायचे आणि ते कसे चालवायचे याचे कागद लिहून द्यायचे, हा आमचा धंदा. कागद लिहिण्याचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. मी मराठीत लिहायचो, कारण मशीनवर बसणारी माणसं मराठी वाचतात. याचा मला फार ताठा होता. 'आज्ञावली' आणि 'क्रियान्वयन' असले शब्द घालून मराठी करणाऱ्यांना मी हसायचो. आपलं मराठी कसं, कुणालाही कळेल असं, ही माझी समजूत.

शेंद्र्याच्या एका कारखान्याचं काम आमच्याकडे आलं. तिथं गाड्यांच्या सुट्या भागांना रंग मारून भट्टीत भाजतात. प्रत्येक भट्टीला स्वतःचा कॉम्प्युटर. तापमान किती होतं, दार कधी उघडलं, धोक्याचा इशारा कधी वाजला, हे सगळं ते कॉम्प्युटर एका मधल्या मशीनकडे पाठवतात. त्या मशीनवर एक प्रोग्राम सतत चालू असतो. त्याला सिसलॉग म्हणतात. जो जे सांगेल ते वेळेसकट फाइलीत उतरवून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. जुन्या कचेरीतला आवकचा कारकून असतो ना, तसा. हा प्रोग्राम सुरू करताना त्याच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि एक अक्षर लिहून त्याला सूचना देता येते. डॅश एफ म्हणजे अमुक फाइल वाच. डॅश एम म्हणजे काहीही घडलं नाही तरी दर इतक्या मिनिटांनी 'मी जागा आहे' अशी एक ओळ टाक. अशी दहाबारा अक्षरं होती. त्यांचा मराठी कागद मी करायचा होता.

डॅश एसबद्दलची इंग्रजी ओळ सरळ आहे. सिक्युअर मोड, म्हणजे बाहेरच्या मशीनकडून आलेले संदेश नोंदवू नका. एकट्यादुकट्या मशीनवर ते योग्यच. पण शेंद्र्याचं मधलं मशीन बसवलं होतं तेच बाहेरचं ऐकायला. तिथं डॅश एस लावणं म्हणजे आवकच्या कारकुनाच्या कानात बोळे कोंबणं.

माझ्या पहिल्या खर्ड्यात हे होतं. "डॅश एस : भट्ट्यांकडून येणारे संदेश घेणं बंद होतं. या मशीनवर वापरू नये." हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. यानं माझा अपराध वाढतोच, कारण मला माहीत होतं.

तो खर्डा कारखान्याच्या मेंटेनन्स मॅनेजरांनी रद्दी टाकावी तसा टेबलावर टाकला.

"साहेब, चार पानं कोण वाचतंय? एका पानात बसवा. लॅमिनेट करून भिंतीला लावायचंय. एक अक्षर, एक ओळ. लंबी कहानी नको."

शेजारी बसलेले आमचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणतो, लगेच म्हणाले, "हो जाएगा सर. उद्या देतो."

लांब वाक्य आवळून चार शब्दांवर आणणं मला चांगलं जमतं. ऑफिसात सगळे त्यासाठी माझ्याकडेच यायचे. मी तक्ता आखला. बाकीची अक्षरं एकेका ओळीत बसली, डॅश एस बसेना. मी आधी 'या मशीनवर वापरू नये' काढलं. मग 'भट्ट्यांकडून येणारे' काढलं. शेवटी उरलं ते असं : "डॅश एस : सुरक्षित पद्धत." रकाना कसा सरळ दिसायला लागला. मी कागद हात लांब करून पाहिला आणि मला तो आवडला. त्या क्षणी माझ्या थोबाडीत मारणारं कुणी तिथं असतं तर बरं झालं असतं.

आणखी एक कबूल करायचं आहे. डॅश एस मी स्वतः कधी चालवून पाहिलं नव्हतं. दहा मिनिटांचं काम होतं. दोन मशीनं समोर ठेवायची, एकावरून पाठवायचं, दुसऱ्यावर बघायचं. येणाऱ्या ओळी डोळ्यांदेखत थांबलेल्या मी पाहिल्या असत्या, तर ते वाक्य कापायला माझा हात धजला नसता. पण मी इंग्रजी पान वाचून मराठी पान केलं, आणि दोन्ही पानांच्या मध्ये काही घडतं हे विसरलो.

त्या मधल्या मशीनवर बसणाऱ्या बाई पैठणच्या. पहाटेची एसटी धरून शहरात यायच्या आणि तिथून कारखान्याच्या बसनं शेंद्र्याला. वय माझ्याहून आठदहा वर्षांनी कमी. कंत्राटावर सहा वर्षं झाली होती. मी कागद द्यायला गेलो तेव्हा त्या अख्ख्या कारखान्यात तो वाचणाऱ्या त्या एकट्याच. पेन्सिलीनं एकेका ओळीखाली रेघ मारत वाचला, आणि विचारलं, "सर, हे एफ आणि एम दोन्ही संगं दिलं तर चालतंय का?"

प्रश्न चांगला होता. मला मात्र घाई होती आणि खरं सांगायचं तर वैतागही आला. मी म्हणालो, "मॅडम, कागदात जेवढं आहे तेवढं करा. बास."

त्यांनी तेवढंच केलं.

माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला येणार होती. आदल्या आठवड्यात मॅनेजर फेरी मारताना त्या बाईंना म्हणाले, "नोंदी सगळ्या सुरक्षित आहेत ना मॅडम? पार्टी येतीये. काय करायचं ते करून घ्या." बाईंनी भिंतीकडं पाहिलं. भिंतीवर माझा कागद. कागदावर 'सुरक्षित'. नोंदी सुरक्षित ठेवायच्या आहेत, आणि समोर सुरक्षित पद्धत लिहिलेली आहे. मराठी येणारा कुठलाही शहाणा माणूस दुसरं काय करेल? त्यांनी डॅश एस लावलं आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला.

त्या मिनिटापासून ते मशीन बहिरं झालं. भट्ट्या पाठवत राहिल्या, कारण आपलं कुणी ऐकत नाही हे पाठवणाऱ्याला कळायची सोय त्यात नसते. आणि मशीनच्या स्वतःच्या 'मी जागा आहे' या ओळी दर वीस मिनिटांनी पडतच होत्या. फाइल वाढत होती. बाई रोज फाइल उघडून बघायच्या, शेवटची ओळ आताची आहे याची खात्री करायच्या आणि रजिस्टरला 'लॉग चालू' लिहायच्या. अकरा दिवस.

अकराव्या दिवशी तपासणीवाल्यांनी मालाच्या एका लॉटचं भट्टीतलं तापमान मागितलं. दाखवायला काही नव्हतं. लॉट परत गेला.

मग मीटिंग. मॅनेजर, कंत्राटदाराचा माणूस, आमचे साहेब, मी. बाईंना उभं ठेवलं होतं. खुर्ची रिकामी होती, कुणी बसा म्हणालं नाही. मीही नाही.

"कुणी सांगितलं होतं हात लावायला?" मॅनेजर म्हणाले.

"तुम्हीच म्हणले सर, नोंदी सुरक्षित करा म्हणून."

"मशीनशी खेळा असं म्हणालो का मी?"

"खेळले नाय मी. कागदात बघून केलं. भिंतीला लावलाय, काढून आणू का?"

मॅनेजर माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. लिहिणारे तुम्ही. कागद चुकीचा आहे का?"

आमच्या साहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्या पुढ्यात सरकवला. दुसरं काही केलं नाही. पण पुढच्या वर्षीचं काम याच कारखान्याकडून मिळायचं होतं, आणि तो ग्लास कशाचा होता ते मला बरोबर समजलं. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. सुरक्षित पद्धत म्हणजे बाहेरचे संदेश बंद, हे या क्षेत्रातल्या माणसाला माहीत असतं."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. "मला नव्हतं माहीत," त्या म्हणाल्या. "म्हणून तर कागद वाचला."

मग कंत्राटदाराच्या माणसानं त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. सोमवारी त्यांचा गेटपास बंद झाला.

'तांत्रिकदृष्ट्या'! काय हलकट शब्द आहे. खोटं बोलायचं असतं पण खोटारडं म्हणवून घ्यायचं नसतं, तेव्हा माणूस हा शब्द काढतो. परत येताना साहेबांनी चिकलठाण्याजवळ गाडी थांबवून गरम भजी घेतली. "वाचलो बाबा आज," असं म्हणत माझ्या पाठीवर थाप मारली. मी दोन प्लेट भजी खाल्ली. भूक लागली होती, चवही लागत होती. हे आठवलं की मला स्वतःचा इतका राग येतो की हातातलं काम बाजूला ठेवून उठावं लागतं.

तरीही मी गप्प बसलो असतो. तीन आठवडे बसलोच होतो. मग मॅनेजरांचा फोन आला.

"ती एसची ओळ जरा बदलून द्या. नवीन माणूस बसवलाय तिथं, परत गडबड नको."

"म्हणजे ओळ चुकीची होती?"

"चुकीची कोण म्हणतंय? थोडा खुलासा करा. तुमच्या पहिल्या कागदात होतं बघा, 'वापरू नये' वगैरे. तसं टाका."

म्हणजे पहिला कागद त्यांनी वाचला होता. वाचून, समजून, वर मीटिंगमध्ये त्या बाईला उभं केलं होतं.

"आणि मॅडमचं काय?" मी विचारलं.

"कोण मॅडम?"

मी ओरडलो. ऑफिसात सगळ्यांनी माना वर केल्या इतक्या जोरात. काय बोललो ते धड आठवत नाही, पण 'लाज' हा शब्द दोनदा आला. फोन कधीच कट झाला होता. साहेब केबिनमधून बाहेर आले.

"काय झालं? कशाला उकरताय? बाई गेली, दुसरीकडं लागेल. तिकडं कंत्राटावर रोज कितीतरी येतात, कितीतरी जातात."

"माझ्या ओळीमुळं गेली."

"मग ओळ दुरुस्त करा ना! तेच तर सांगतायत ते."

मी ओळ दुरुस्त केली. इतकं सोपं होतं ते. रकाना थोडा रुंद केला आणि सगळं वाक्य बसलं. पान अजूनही एकच.

मग एक पत्र टाईप केलं आणि रविवारी मोटरसायकलनं पैठणला गेलो. बाई फोन उचलत नव्हत्या. कारखान्याच्या गेटवरच्या वॉचमननं सांगितलं होतं की स्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात बसतात. सापडल्या. समोर एक म्हातारी रेशनकार्डाची कागदपत्रं घेऊन बसली होती.

"मॅडम," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. "मॅडम कशाला म्हणता? तिथं तर 'बाई, बाहेर थांबा' झालं होतं."

मी पत्र पुढं केलं. त्यांनी ते पेन्सिल घेऊन वाचलं. पत्रात मी लिहिलं होतं : 'सदर माहितीपत्रकातील संदिग्ध शब्दयोजनेमुळे गैरसमज निर्माण झाला व त्यातून अनवधानाने पुढील प्रकार घडला.' हे वाक्य मला चांगलं जमल्यासारखं वाटलं होतं. वाटेत बिडकीनला चहा पितानाही मी ते एकदा वाचलं होतं.

"हे कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग यात तुम्ही कुठंच दिसंनात. गैरसमज निर्माण झाला म्हणं. कसा झाला? उकिरड्यावर कुत्र्याच्या छत्र्या उगवतात तसा उगवला का?"

म्हातारी खुदकन हसली. "उगवला म्हणं, बया!"

"प्रकार घडला," बाई पुढं वाचत होत्या. त्यांचा आवाज चढत गेला. "कुणी घडवला? सहा वर्षं, सर. सहा वर्षांत एकदा लेट मार्क नाय माझा. मला तिथं उभं केलं, तुम्ही पाणी पीत होतात. आणि आता घडला? आपोआप?"

त्यांनी पत्र उलटं करून टेबलावर ठेवलं आणि कीबोर्ड पुढं ओढला.

"सांगा. मी टाईप करते. ह्या मावशींना कळंल असं सांगा."

"सदर कागद..."

"सदर नको. कुणाचा कागद?"

असं करत करत अर्धा तास गेला. माझी वाक्यं सारखी माझ्यापासून पळत होती. 'काढण्यात आलं' म्हणालो की त्या थांबायच्या, मी 'काढलं' म्हणेपर्यंत. नुसतं 'काढलं' म्हणालो तरी थांबायच्या. "मी काढलं" म्हणालो की बोटं चालू व्हायची. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी सोपं मराठी लिहिणाऱ्या माणसाला स्वतःबद्दल चार सोपी वाक्यं सांगता येईनात. शेवटी झालं ते असं :

'तो कागद मी लिहिला. डॅश एस त्या मशीनवर वापरू नये हे मला माहीत होतं. ओळ आखूड करायला मी ते काढलं. बाईंनी कागदात होतं तसंच केलं. त्यांची चूक नाही. मीटिंगमध्ये मला विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.'

शेवटच्या वाक्याला मी अडखळलो होतो. "खोटं असं नाही म्हणता येणार, म्हणजे तांत्रिक..." बाईंनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. म्हातारीही माझ्याकडं बघत होती.

"खोटं बोललो," मी म्हणालो. "लिहा."

तीन प्रती निघाल्या. मी सही करताना म्हणालो, "मला माफ करा."

"माफीबिफी राहू द्या सर. सही मराठीत करा, वाचता आली पाहिजे. आणि ही एक प्रत कारखान्यात देऊन माझ्या प्रतीवर पोच आणा, शिक्क्यासकट. नायतर तुम्ही म्हणाल दिलं होतं, ते म्हणतील आलंच नाय. मला दुसरीकडं मुलाखतीला गेलं की विचारतात, का काढलं म्हणून. तोंडानं सांगून कुणाला पटंना."

शिक्क्यासाठी मला सोमवारी शेंद्र्याच्या गेटवर दुपारपर्यंत बसावं लागलं. मॅनेजर बाहेर आले, पत्र वाचलं आणि म्हणाले, "तुम्हाला आत्ताच फार पुळका आलाय?"

"उशिरा आलाय. शिक्का मारा."

"हे आम्ही घेणार नाही."

"मग इथंच बसतो. येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवतो. सोप्या मराठीत आहे, सगळ्यांना कळेल."

जेवणाच्या सुट्टीत कामगार गेटकडे येऊ लागले. मी खरोखरच उभा राहून पहिलं वाक्य वाचलं. माझा आवाज फाटला होता, पण वाचलं. दुसरं वाक्य सुरू केलं तेव्हा आतून आवक विभागाची मुलगी शिक्का घेऊन आली.

साहेबांनी त्याच संध्याकाळी मला कारखान्यांच्या कामावरून काढलं. आता मी ऑफिसात बसून जुन्या फायली तपासतो. नोकरी आहे, लेखणी गेली. त्यांच्यावर मी अजून चिडलेलो आहे, पण त्यात आवाज चढवून बोलावं असं माझ्याजवळ काही नाही. त्या मीटिंगमध्ये त्यांनी फक्त ग्लास सरकवला होता. पाणी मी प्यायलो.

पत्राचा बाईंना उपयोग झाला, पण पुरता नाही. शेंद्र्याच्याच दुसऱ्या एका कारखान्यात त्यांना स्टोअरमध्ये नोंदी टाकायचं काम मिळालं. कंत्राटी आणि अगदी पहिल्या पायरीवरचं. मागची सहा वर्षं कुणी मोजली नाहीत. त्यांनी स्वतःच फोन करून सांगितलं, एसटीत बसल्या होत्या, मागं कंडक्टरचा आवाज येत होता. मी म्हणालो, तुमचा अनुभव त्यांनी धरायला हवा होता, मी तिथंही येऊन सांगतो, हवं तर लिहून देतो.

"नको," त्या म्हणाल्या. "तुम्ही येऊ नका. रुजू व्हायच्या आधी मी भिंती बघून आले तिथल्या. तुमचा कागद नव्हता कुठं. मग हो म्हणले."